वारसा जतनाच्या प्रशिक्षणात आधी निदान शिकवा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

जुन्या वास्तू, शिल्पे, भित्तिचित्रे, हस्तलिखिते यांच्या जतनासाठी माणसे तयार करण्याविषयी बरेच बोलले जाते. अभ्यासक्रम निघतात, कार्यशाळा भरतात, प्रमाणपत्रे दिली जातात. यातल्या प्रत्येक प्रयत्नाचे स्वागतच आहे. पण या प्रशिक्षणाचे तास कशावर खर्च होतात ते पाहिले, की काळजी वाटते. इतिहास, शैली, कायदे आणि दुरुस्तीचे नमुने यांना भरपूर वेळ मिळतो. समोरच्या वास्तूला झाले आहे काय, ते का झाले, तिच्यात जपण्यासारखे नेमके काय आहे, हे स्वतः शोधून काढायला मात्र शिकणाऱ्याच्या वाट्याला जेमतेम एखादी दुपार येते. उपचार आधी आणि निदान नंतर, असा हा उलटा क्रम आहे. जुन्या वास्तूंचे जे नुकसान पुन्हा भरून येत नाही, त्यात चुकीच्या निदानावर मनापासून केलेल्या दुरुस्तीचा वाटा फार मोठा असतो.

ग्रीसमधल्या अथेन्सच्या अॅक्रोपोलिसचे, म्हणजे टेकडीवरच्या प्राचीन मंदिरसमूहाचेच पाहा. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तिथले संगमरवरी ठोकळे एकमेकांना जखडण्यासाठी लोखंडी पट्ट्या बसवल्या गेल्या. प्राचीन ग्रीक कारागिरांनीही लोखंडच वापरले होते, पण त्यावर शिसे ओतून त्यांनी ते हवा-पाण्यापासून बंद केले होते. नव्या पट्ट्यांना ते कवच नव्हते. लोखंड गंजले की गंज मूळ धातूपेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो. तो आत फुगत गेला आणि दोन हजारांहून अधिक वर्षे टिकलेला संगमरवर आतून फुटला. १९७५ साली त्यासाठी स्वतंत्र समिती नेमावी लागली आणि पुढे त्या पट्ट्या काढून टायटॅनियमच्या बसवण्याचे काम हाती घ्यावे लागले. अजिंठ्यातही तेच घडले. १९२०च्या सुमारास चित्रांचे सुटते पापुद्रे धरून ठेवण्यासाठी आलेल्या इटालियन तज्ज्ञांनी लाखेचे रोगण वापरले. चित्रे धरली गेली, पण रोगण काळानुसार पिवळे, मग तपकिरी होत गेले आणि पुढच्या पिढ्यांतल्या रसायनतज्ज्ञांना तो थर उतरवण्यात वर्षे घालवावी लागली. दोन्ही ठिकाणी काम करणारे अडाणी नव्हते. साहित्य पुढे कसे वागेल, हा प्रश्न पुरता विचारला गेला नव्हता.

हा प्रश्न विचारायची सवय हेच प्रशिक्षणाचे पहिले फळ असायला हवे. स्मारके आणि स्थळांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने, म्हणजे इकोमॉसने, १९९३ साली कोलंबोत संवर्धनाच्या शिक्षणासाठी मार्गदर्शक तत्त्वे स्वीकारली. त्यात संवर्धकाच्या अंगी असाव्यात अशा चौदा क्षमता दिल्या आहेत. वास्तू वाचता येणे आणि तिचे महत्त्व ओळखता येणे, ही पहिलीच आहे. ऱ्हासाची आतली आणि बाहेरची कारणे शोधणे, तज्ज्ञ नसलेल्या माणसालाही कळेल असा अहवाल चित्रांसह लिहिणे, आणि दुसऱ्या विषयातल्या जाणकाराचा सल्ला कधी घ्यायचा हे ओळखणे, याही त्यातच आहेत. तीस वर्षे उलटून गेली. तरी या चार क्षमतांची परीक्षा घेणारे प्रशिक्षण शोधूनच काढावे लागते.

आधी महत्त्व ठरवण्याविषयी. दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या बर्रा या जुन्या तांब्याच्या खाणीच्या गावात १९७९ साली जी सनद ठरली, तिने कामाचा क्रम घालून दिला : आधी महत्त्व समजून घ्या, मग धोरण ठरवा, मग त्यानुसार काम करा. सौंदर्य, इतिहास, शास्त्रीय माहिती, समाजाची जवळीक आणि श्रद्धा, अशा पाच अंगांनी ती महत्त्व पाहायला सांगते. वर्गात ही पाच नावे दहा मिनिटांत सांगून होतात. कठीण काम पुढेच आहे. शिकणाऱ्याला वास्तूचे महत्त्व लिहायला सांगितले, की 'भव्य', 'प्राचीन', 'अप्रतिम', 'दुर्मीळ' असे शब्द कागदावर येतात आणि त्यांतून कामाचे काहीच हाती लागत नाही. म्हणून या सरावात एक नियम कडकपणे पाळावा : प्रत्येक विधान वास्तूच्या एखाद्या ठरावीक भागाकडे बोट दाखवणारे हवे आणि त्यापुढे पुरावा हवा. 'जिना महत्त्वाचा आहे' हे चालणार नाही. 'जिन्याच्या लाकडी पायऱ्या मूळच्या आहेत, कारण त्यांच्या खालच्या अंगावरच्या वाकसाच्या (लाकूड तासायच्या हत्याराच्या) खुणा तुळयांवरच्या खुणांशी जुळतात; पायऱ्यांची मधली झीज रोजच्या वापराची साक्ष आहे, म्हणून त्या उलट्या करून बसवू नयेत', हे चालेल. हे वाचून सुताराला काय करायचे आणि काय नाही, ते लगेच कळते.

ही नेमकेपणाची सवय नसली तर काय होते? महत्त्व सगळ्या इमारतीला मिळून दिले जाते आणि गिलाव्याचा त्यात उल्लेखच नसतो. मग 'मूळ दगड दिसावा' म्हणून गिलावा खरवडला जातो. त्याबरोबर चुन्याच्या रंगाचे एकावर एक चढलेले थर जातात आणि कोणत्या काळी भिंत कोणत्या रंगाची होती, याचा एकमेव पुरावा कचऱ्यात जातो. नखाएवढ्या जागेत धारदार पात्याने एकेक थर पायरीपायरीने उघडा करून भिंगाखाली पाहिला, तर सात-आठ रंगसफेद्या मोजता येतात. हे प्रत्येक शिकणाऱ्याने निदान एकदा स्वतःच्या हाताने करावे. त्यानंतर गिलाव्याला हात लावताना त्याची छिन्नी आपोआप थांबेल. शिवाय अनेकदा तो दगड उघडा ठेवण्यासाठी घडवलेलाच नसतो. गिलावा निघाला की पाऊस थेट सांध्यात शिरतो.

मूल्यमापनात आणखी एक घोटाळा वारंवार होतो. मूल्य आणि अवस्था यांची सरमिसळ होते. पडझड झालेल्या वस्तूला खालचा दर्जा मिळतो आणि नुकतीच रंगवलेली वस्तू वरच्या यादीत जाते. दोन्हींचे रकाने वेगळे ठेवावेत आणि शक्य असेल तर ते वेगवेगळ्या दिवशी भरावेत. तुलनाही शिकवावी लागते : या प्रकारच्या किती वस्तू उरल्या आहेत, ही त्यांतली सर्वांत पूर्ण आहे का, हिचा उगम कागदपत्रांनी सिद्ध होतो का. आणि ज्यांची त्या जागेशी रोजची ये-जा आहे, त्यांना विचारल्याशिवाय सामाजिक मूल्याचा रकाना भरू देऊ नये. जपानमध्ये १९९४ साली झालेल्या नारा दस्तऐवजाने हेच मांडले, की अस्सलपणाची कसोटी त्या त्या संस्कृतीच्या चौकटीतच लावायची असते. लाकूड ठरावीक काळाने बदलत जाणारी परंपरा आणि दगड पिढ्यान्‌पिढ्या तसाच ठेवणारी परंपरा यांना एकच फूटपट्टी लावता येत नाही.

आता निदान. आमची मुख्य सूचना इथेच आहे : दहा स्थळांची सहल घडवण्यापेक्षा प्रशिक्षणार्थ्यांना एक भिंत द्यावी आणि ती वर्षभर त्यांच्याकडे ठेवावी. कोरडे दिवस, पावसाचे दिवस, थंडी, ऊन, सगळे त्यांनी त्या भिंतीवर पाहावे.

समजा, भिंत ओली आहे. तळाशी लोणा (क्षारांचा पांढरा थर) लागला आहे, गिलावा फुगला आहे. अर्धवट शिकलेला माणूस 'जमिनीतून ओल चढते आहे' असे सांगून मोकळा होतो आणि भिंतीत रसायने टोचायची शिफारस करतो. जमिनीतली ओल सहसा मीटर-दीड मीटरच्या वर जात नाही. त्याहून वर ओल असेल, तर कारण बहुधा दुसरे असते. म्हणून पाहायला सुरुवात वरून करायची : छप्पर, पन्हळी, पन्हळीचे तोंड, उतरत्या नळाचा सांधा, मग खिडकीचा उंबरा, मग जोते, आणि शेवटी बाहेरच्या जमिनीची पातळी. बाहेर फरसबंदी करताना जमीन आतल्या फरशीपेक्षा वर आली असेल, तर भिंत ओली होणारच. जोराच्या पावसात छत्री घेऊन भिंतीसमोर अर्धा तास उभे राहणे, ही या विषयातली सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित चाचणी आहे.

त्यानंतर मोजमाप. दोन टोकांचा विजेवर चालणारा ओलमापक भिंतीला लावला की आकडा दिसतो आणि त्या आकड्यावर विश्वास बसतो. पण हे यंत्र लाकडासाठी बेतलेले असते. भिंतीत क्षार असले तर वीज त्यांतून सहज वाहते आणि जवळजवळ कोरडी भिंतही ओली दाखवली जाते. ओलीचा नकाशा काढायला, कुठे जास्त आणि कुठे कमी हे पाहायला ते उपयोगी आहे. टक्के सांगायला नाही. खरे टक्के काढायचे तर भिंतीचे नमुने घ्यावे लागतात. ड्रिल अगदी सावकाश फिरवायचे, कारण वेगाने फिरवले तर उष्णतेने नमुना तिथेच वाळतो. वरचा भाग वेगळा, आतला वेगळा, अशा क्रमाने भुकटी झाकणाच्या बाटल्यांत लगेच बंद करायची आणि वजन करायचे. मग १०५ अंश सेल्सिअसला वजन स्थिर होईपर्यंत वाळवून पुन्हा वजन करायचे. ओला नमुना २२.४ ग्रॅम आणि वाळलेला २० ग्रॅम भरला, तर गेलेले पाणी २.४ ग्रॅम, म्हणजे कोरड्या वजनाच्या १२ टक्के. नमुन्यात जिप्सम असेल तर मात्र १०५ अंशांवर त्याच्या स्फटिकातले पाणीही निघून जाते आणि ओल आहे त्याहून जास्त दिसते. अशा वेळी तापमान ५० अंशांच्या आसपास ठेवून जास्त दिवस वाळवायचे. हा एवढा तपशील ठाऊक नसल्यामुळे चुकीचे आकडे अहवालात जातात आणि तिथेच कायमचे राहतात.

चार उंचींवरचे आणि दोन खोलींवरचे आकडे आलेखावर मांडले, की भिंत बोलू लागते. खाली जास्त आणि वर कमी असेल तर पाणी जमिनीकडून येते आहे. वर जास्त असेल तर छपराकडे पाहा. पृष्ठभाग ओला आणि आतला भाग कोरडा असेल, तर हवेतल्या वाफेचे थंड भिंतीवर पाणी होते आहे. तिथे खिडकी उघडणे हाच इलाज असू शकतो. मिठाचा गुणही समजून घ्यायला हवा. साधे मीठ हवेची सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की पाणी ओढून विरघळते आणि खाली आली की पुन्हा स्फटिक होते. आर्द्रता या रेषेच्या खाली-वर होत राहिली, तर दगडाच्या छिद्रांत दर वेळी नवे स्फटिक वाढतात आणि दगडाच्या खपल्या निघतात. पृष्ठभागावर दिसणारा पांढरा लोणा त्या मानाने निरुपद्रवी असतो. तो कोरड्या मऊ ब्रशने झाडून उचलायचा. धुतला तर तो परत भिंतीत जातो. धोका पृष्ठभागाच्या आत, डोळ्यांआड साठणाऱ्या क्षारांचा आहे. अशा भिंतीवर पाणी झटकणारे रसायन मारले, की पाणी वाफ होऊन त्या थरातून निघते, पण क्षार त्याच्या मागे अडकतात आणि काही काळाने तो थर दगडाच्या कातडीसकट सुटून येतो.

तडा पाहणेही असेच शिकवावे लागते. तड्याच्या आत धूळ, रंग, कोळिष्टके असतील तर तो जुना आहे. कडा तीक्ष्ण आणि आतला भाग स्वच्छ असेल तर ताजा आहे. वर रुंद आणि खाली निमुळता होत जाणारा तडा भिंतीची कडा खचल्याचे किंवा बाहेर कलल्याचे सुचवतो. खाली रुंद असेल तर मधला भाग बसल्याचा संशय घ्यावा. तड्यावर काचपट्टी चिकटवण्याची जुनी रीत आहे. पण काच फुटली तर काहीतरी हलले एवढेच कळते. किती आणि कोणत्या दिशेने ते कळत नाही. पट्टी नुसती सुटून आली तर तेही कळत नाही. त्यापेक्षा तड्याच्या दोन्ही बाजूंना मिळून तीन छोट्या चकत्या त्रिकोणात बसवाव्यात आणि व्हर्निअर कॅलिपरने त्यांच्यातली अंतरे ०.१ मिलिमीटरपर्यंत मोजावीत. मोजणी शक्यतो दिवसाच्या एकाच वेळी करावी आणि तापमान सोबत लिहावे, कारण उन्हाने भिंत प्रसरण पावते आणि तडा रोज थोडा उघडतो, मिटतो. चार महिन्यांच्या आकड्यांवरून 'तडा वाढतो आहे' असे म्हणणे घाईचे ठरते. वर्षाचे चक्र पूर्ण झाल्यावर तो मूळ जागी परत आला का, हे पाहायचे असते. परत आला तर तो भिंतीने स्वतःच करून घेतलेला सांधा आहे. त्यात कठीण सिमेंट भरले तर भिंत शेजारी दुसरा तडा पाडते.

दुरुस्तीच्या तंत्रांपैकी चुन्यालाच इथे थोडी जास्त जागा देतो, कारण सर्वांत जास्त बिघाड तिथे होतो. चुनखडी सुमारे ९०० अंशांवर भाजली की कळीचा चुना होतो. तो विझवताना चुना पाण्यात टाकायचा, चुन्यावर पाणी ओतायचे नाही. मिश्रण उकळीला येते आणि डोळ्यांत उडाले तर दृष्टी जाऊ शकते, म्हणून संरक्षक चष्म्याशिवाय कुणालाही जवळ उभे करू नये. विझलेला चुना पाण्याखाली निदान काही आठवडे, शक्य असेल तर तीन महिने मुरू द्यावा. न विझलेले खडे राहिले तर ते गिलाव्यात जाऊन नंतर विझतात आणि फुगून टवके उडवतात.

वाळूचे प्रमाण पुस्तकातून उचलू नये. एका मापात एक लिटर कोरडी वाळू घ्यावी आणि पाणी पृष्ठभागाशी येईपर्यंत सावकाश ओतावे. ३३० मिलिलिटरच्या आसपास पाणी मावले, तर वाळूतली पोकळी एक तृतीयांश आहे आणि एक भाग चुन्याला तीन भाग वाळू बरोबर बसते. ४०० मिलिलिटर मावले तर त्याच प्रमाणात चुना पोकळ्या भरायला कमी पडेल. एकाला अडीच करा, नाहीतर वाळूत बारीक-जाड कणांची सरमिसळ सुधारा. ही पाच मिनिटांची चाचणी आहे आणि कुठल्याही गवंड्याला ती एकदाच दाखवावी लागते.

दरजा, म्हणजे दगडांमधल्या सांध्यांतला चुन्याचा भराव, भरताना सांधा त्याच्या रुंदीच्या दुप्पट आणि निदान २५ मिलिमीटर खोल मोकळा करावा, तोही हातच्या छिन्नीने. ग्राइंडरचे पाते एकदा घसरले की दगडाची कड कायमची जाते. मग धूळ काढून सांधा भिजवावा. कोरडा दगड चुन्यातले पाणी शोषून घेतो आणि दरज बोटाने पुसली जाईल इतकी भुसभुशीत राहते. मिश्रणात पाणी जास्त पडले तर ते वाळताना आकसते आणि केसासारख्या चिरा पडतात. थर १०-१२ मिलिमीटरहून जाड देऊ नयेत. मिश्रण आवळू लागले की ताठ ब्रशने ठोकून पृष्ठभाग खडबडीत करावा, म्हणजे हवा आत जाईल. ओले गोणपाट आठवडाभर तरी लावून ठेवावे, कारण चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन घट्ट होतो आणि त्यासाठी त्याला थोडा ओलावा लागतो. काही आठवड्यांनी एक तुकडा तोडून त्यावर फिनॉफ्थॅलीन या रंग बदलणाऱ्या रसायनाचे थेंब टाकावेत. जिथे चुना अजून घट्ट झालेला नाही तिथे गडद गुलाबी रंग येतो. झाला आहे तिथे रंग येत नाही. गुलाबी गाभा आणि त्याभोवती दोन-तीन मिलिमीटरची रंगहीन कड पाहिली, की चुन्याच्या कामाला घाई का चालत नाही, हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

ही घाई भागवण्यासाठी मूठभर सिमेंट मिसळण्याची वाईट सवय सगळीकडे आहे. त्यातून ना चुन्याचे काम होते ना सिमेंटचे. निव्वळ सिमेंटच्या दरजेचे परिणाम तर कोणत्याही जुन्या भिंतीवर दिसतात : सांधे जाळीसारखे ताठ उभे आणि मधला दगड आत झिजलेला. पाण्याला सिमेंटमधून वाट मिळत नाही, म्हणून ते दगडातून बाहेर पडते आणि क्षारही तिथेच सोडते. दरज दगडापेक्षा मऊ असली पाहिजे. झिजायचेच असेल तर तिने झिजावे, कारण ती पुन्हा भरता येते.

जुन्या बांधकामातला मसाला, म्हणजे चुना-वाळूचे मिश्रण, तपासताना होणारी एक चूक सांगायलाच हवी. नमुना हलक्या हाताने कुटून सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात टाकतात, चुना विरघळतो, उरलेली वाळू धुऊन, वाळवून, चाळण्यांतून चाळून वजन करतात. चाचणी चांगली आहे. पण वाळूत शिंपल्यांचे किंवा चुनखडीचे कण असतील तर तेही विरघळतात आणि चुना होता त्याहून जास्त वाटतो; अशा वेळी पातळ काप काढून सूक्ष्मदर्शकाखालीच पाहावे लागते. दुसरे म्हणजे, मिळालेले प्रमाण वजनाचे असते आणि तेही घट्ट झालेल्या चुन्याचे. १०० ग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट ७४ ग्रॅम विझलेल्या चुन्यापासून तयार होते. हा हिशेब न करता तेच प्रमाण गवंड्याला घमेल्यांत सांगितले, तर मिश्रण चुकते.

नोंदीविषयी थोडक्यात. लेझर स्कॅनरने लाखो बिंदू मिळतात, पण त्यातला दगड कोणता आणि दुरुस्ती कोणती, हे डोळ्यांनीच ठरवावे लागते. म्हणून निदान एक चौरस मीटर भाग १:१० प्रमाणात प्रत्येकाने हाताने काढावा. अंतरे एका शून्यबिंदूपासून सलग मोजावीत. तुकड्या-तुकड्यांनी मोजून बेरीज केली की चुकाही बेरजेत जातात. बिघाडाच्या नकाशासाठी इकोमॉसच्या दगडविषयक समितीने २००८ साली सचित्र शब्दसूची काढली आहे. त्यात तडे, सुटणे, झीज, डाग-थर आणि वनस्पती-शेवाळ असे पाच गट आहेत. या सरावाची उत्तम रीत अशी : दोन गटांना एकमेकांशी न बोलता एकाच भिंतीचा नकाशा काढायला सांगा आणि मग दोन्ही नकाशे एकमेकांवर ठेवा. जिथे ते जुळत नाहीत तिथे खरा धडा सुरू होतो. एकाने ज्याला झीज म्हटले त्याला दुसऱ्याने खपल्या म्हटलेले असते, आणि दोन्हींचे उपचार वेगळे असतात.

संग्रहालये आणि ग्रंथालये यांनाही हाच नियम लागू आहे. कापड, कागद, जलरंग यांच्यासाठी ५० लक्स ही प्रकाशाची मर्यादा सगळे पाठ करतात. पण प्रकाशाचे नुकसान साठत जाते, हे शिकवायचे राहून जाते. ५० लक्सखाली रोज ८ तास, वर्षाचे ३०० दिवस, म्हणजे १,२०,००० लक्स-तास. हा आकडा काढता आला की वस्तू कपाटात केव्हा परत ठेवायची, हे ठरवता येते. आपत्तीचा सरावही कागदावर करून भागत नाही. ४ नोव्हेंबर १९६६च्या पुरात फ्लॉरेन्समधली ग्रंथालये चिखलात बुडाली, तेव्हा जगभरातून माणसे धावून आली आणि पुस्तकांचे सामूहिक जतन कसे करायचे, याचे बरेचसे ज्ञान त्या कामातून उभे राहिले. ओल्या कागदावर दोन दिवसांत बुरशी धरू शकते. तेवढ्या वेळात काय वाळवायचे आणि काय गोठवून ठेवायचे, हा निर्णय टाकाऊ पुस्तके खरोखर भिजवून शिकवावा लागतो.

हे सगळे तीन दिवसांच्या कार्यशाळेत होणार नाही, हे उघड आहे. छोट्या कार्यशाळा वाईट नाहीत, फक्त त्यांनी एकच गोष्ट शिकवावी आणि प्रमाणपत्रावर तेवढेच लिहावे. 'चुन्याच्या दरजा भरणे' असे लिहिलेले प्रमाणपत्र 'वारसा संवर्धन तज्ज्ञ' या प्रमाणपत्रापेक्षा कितीतरी प्रामाणिक आहे. पूर्ण प्रशिक्षणात मात्र गवंडी, सुतार, अभियंते आणि वास्तुरचनाकार यांना एकाच भिंतीपुढे एकत्र बसवावे. अभियंत्याने थापी हातात घ्यावी आणि गवंड्याने बिघाडाचा नकाशा वाचायला शिकावे. एका शिक्षकामागे सहा-आठ जणांपेक्षा जास्त नकोत. त्याहून मोठ्या गटात मागच्यांना भिंत दिसतच नाही. इमारतीची रोजची देखभाल करणारा कर्मचारीही या वर्गात हवा. पन्हळ वेळेवर साफ झाली, तर वर वर्णन केलेल्या निम्म्या चाचण्यांची गरजच पडत नाही.

परीक्षाही भिंतीसमोरच व्हावी. अनोळखी वास्तू, दोन दिवस, आणि एक अहवाल : महत्त्व काय, बिघाड कोणता, कारणे कोणती, त्यांतली कोणती सिद्ध झाली आणि कोणती अजून अंदाज आहेत, पुढे कोणती चाचणी हवी, कुणाला विचारायला हवे. 'आत्ता काहीही करू नये, वर्षभर मोजत राहावे' हे उत्तर लिहिणाऱ्याला पूर्ण गुण मिळण्याची सोय त्या परीक्षेत हवी. स्मारकांच्या जतनाविषयीच्या १९६४च्या व्हेनिस सनदेने सांगून ठेवले आहे, की अंदाज सुरू होतो तिथे पुनर्स्थापना थांबली पाहिजे. त्या जागी थांबता येते का, हेच परीक्षकाला तपासायचे आहे.

ज्यांना असे प्रशिक्षण घ्यायचे आहे किंवा आपल्या ताब्यातल्या जुन्या वास्तूसाठी प्रशिक्षित माणूस नेमायचा आहे, त्यांना या पत्रातून एक विनंती. माहितीपत्रकातली छायाचित्रे आणि नामावळी बाजूला ठेवा. मागच्या तुकडीने भरलेली एक नोंदवही पाहायला मागा. तिच्यात तारखा, तापमान, खोडलेले अंदाज आणि त्यापुढे लिहिलेली दुरुस्त कारणे दिसली, तर पुढची बोलणी करा.

आपले विश्वासू,
वारसा संवर्धनाच्या क्षेत्रातील काही वाचक